वाचकांचे प्रश्न : गुलशन कुमार

प्रश्न : गुलशन कुमार यांची कौटुंबिक पार्श्वभूमी काय होती आणि त्यांच्याविषयी एवढा वाद का झाला?

उत्तर : दिल्लीच्या दर्यागंजमध्ये फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या पंजाबी कुटुंबात ते वाढले. पुढे कॅसेटविक्रीत शिरून त्यांनी ‘टी-सीरिज’ ही संगीत कंपनी उभी केली. वाद मुख्यतः धंद्याच्या पद्धतीचा होता. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील तरतुदीचा आधार घेऊन जुनी लोकप्रिय गाणी नव्या आवाजात ध्वनिमुद्रित करायची आणि प्रस्थापित कंपन्यांपेक्षा बऱ्याच स्वस्तात, थेट पानटपरीवर व किराणा दुकानातही विकायची, हा त्यांचा खाक्या होता. चाचेगिरीचे, म्हणजे विनापरवाना नकला विकल्याचे, आरोपही झाले. मात्र कॅसेट सामान्यांच्या घरात पोचली ती बव्हंशी याच स्वस्ताईमुळे, हे (नाक मुरडणाऱ्यांनीही) मान्य करायला हवे. अनुराधा पौडवाल यांचा आवाज आणि भक्तिगीते हे त्यांचे हुकमी भांडवल होते.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत शिवमंदिराबाहेर त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्या प्रकरणातील अब्दुल रऊफची जन्मठेप मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायम केली. मुलगा भूषण कुमार यांनी कोवळ्या वयातच कंपनीची सूत्रे हाती घेतली. कन्या तुलसी कुमार गायिका आहेत.