भाड्याचे पहिले घर आणि वाढत जाणारी दुरुस्ती

उत्पन्नासाठी म्हणून पहिले घर विकत घेतलेली माणसे समुपदेशनाला येतात, तेव्हा त्यांची दुरुस्ती बहुधा अर्धवट झालेली असते आणि प्रश्न साधारण एकाच स्वरूपाचा असतो: “खर्च ठरवल्यापेक्षा वाढत चालला आहे, भाडे अजून सुरू झालेले नाही आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला जातो आहे, आम्ही फसलो का?” येथे सांगत असलेला अनुभव अशाच एका दांपत्याचा आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घर जुने होते आणि म्हणूनच परवडले होते. दुरुस्तीसाठी त्यांनी किमतीच्या ८ टक्के रक्कम वेगळी ठेवली होती. रंगकामापूर्वी एका भिंतीचा फुगलेला गिलावा काढला, तेव्हा आत ओल सापडली. ओलीचे मूळ शोधताना न्हाणीघराच्या फरशीखालची जुनी नळजोडणी गळत असल्याचे दिसले, आणि त्याच भिंतीतून जाणारी वायरिंगही बदलावी लागेल असे कळले. जुन्या घरात असे घडणे हा अपवाद नव्हे. फरशी आणि गिलावा यांच्याआड काय आहे हे उकरल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे अंदाजपत्रकाच्या १५ ते २० टक्के रक्कम अनपेक्षित कामांसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे असते. त्यांनी ती राखली नव्हती. मात्र त्यांच्या अस्वस्थतेचे खरे कारण नळजोडणी नव्हते. एवढा खर्च झालाच आहे, तर स्वयंपाकघरही पूर्ण नवे करून टाकू म्हणजे भाडे चांगले येईल, असे पतीचे म्हणणे होते, तर पत्नीला त्या घरावर आणखी काहीही खर्च नको होता. आणि या वादात दोघांचीही झोप उडाली होती.

मी प्रथम त्यांना कागदावर हिशेब मांडायला लावला. घराची किंमत १०० धरली, तर नोंदणी, कर आणि दलाली मिळून त्यांचे ७ गेले होते आणि दुरुस्तीचे ८ धरले होते. म्हणजे गुंतवणूक १०० नव्हे, ११५ होती. वर्षाचे अपेक्षित भाडे ६ होते. ‘सहा टक्के मिळतील’ हे वाक्य दोघेही खरेदीपासून उच्चारत आले होते. पण दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात घर वर्षातून सरासरी एक महिना रिकामे राहील असे धरले, की ६ चे ५.५ होतात, देखभालीसाठी १ आणि कर व विमा यांसाठी ०.५ वजा केले, की हाती ४ उरतात. आणि ११५ वर ४ म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के. कर्ज ७० होते आणि व्याजदर ८ टक्के. पहिल्या वर्षाचे व्याजच साडेपाचच्या वर जात होते. म्हणजे सगळे सुरळीत झाले असते, तरी पहिली काही वर्षे हे घर त्यांच्या पगारातून थोडे मागतच राहणार होते.

हे ऐकून पत्नी निराश होतील असे मला वाटले होते, परंतु त्यांचा चेहरा उलट सैल झाला. भीतीला आकार नसतो तोवर ती हवी तेवढी मोठी होऊ शकते. ‘दर महिन्याला इतके कमी पडतील आणि आपण ते भरू शकतो’ हे कळले, की निदान तिची हद्द ठरते. घर घेताना भविष्यातील भाववाढीवर त्यांनी मनोमन भिस्त ठेवली होती. ती मी हिशेबात धरू दिली नाही, कारण न आलेल्या भाववाढीतून हप्ता भरता येत नाही.

त्यानंतर स्वयंपाकघर. पतीच्या मनातील कामाचा खर्च ६ होता आणि त्यामुळे भाडे वर्षाला फार तर ०.२ ने वाढेल, असे त्यांनीच चौकशी करून सांगितले. तो खर्च वसूल व्हायला ३० वर्षे लागली असती, आणि भाडेकरूंच्या वापरातले स्वयंपाकघर एवढी वर्षे नवे राहत नाही. आकडा स्पष्ट असूनही ते हटेनात, तेव्हा मी दोघांना स्वतंत्रपणे एक लहानसे काम दिले: या घरात कोण राहायला आले आहे असे तुम्हाला दिसते, ते लिहा.

पतीने तपशीलवार लिहिले. मुलांचा अभ्यास स्वयंपाकघरातल्या मोठ्या मेजावर चालला आहे, पाहुणे आले आहेत, खिडकीत कुंड्या आहेत. वाचताना त्यांच्याच लक्षात आले, की हे कुटुंब त्यांचे स्वतःचे होते. आपल्या राहत्या घरात जे करता आले नाही, ते ते भाड्याच्या घरात करू पाहत होते. पत्नीचा कागद जवळजवळ कोरा होता. तेथे कोणी राहायला येईल असे त्यांना वाटतच नव्हते, म्हणून त्यावरचा प्रत्येक खर्च त्यांना वाया गेल्यासारखा दिसत होता. पैशाच्या वादात असे पुष्कळदा होते, की दोघे एकाच वास्तूबद्दल बोलत असतात आणि डोळ्यांसमोर मात्र दोन वेगळी घरे असतात.

पुढची चर्चा त्यामुळे सोपी झाली. भाडेकरूला काय लागते, या एकाच कसोटीवर कामांचा क्रम लावला. गळती, ओल, निचरा आणि वीज आधी. ओलीचा उगम बंद होऊन भिंत पूर्ण सुकल्यावरच रंग, अन्यथा तो पापुद्रे धरून सुटतो. न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी बसवण्यापूर्वी, निचरा बंद करून निदान २४ तास पाणी साठवून पाहायचे. स्वयंपाकघरात ओटा तोच ठेवून नळ, कपाटांची दारे आणि दिवे तेवढे बदलायचे. कंत्राटदाराला कामाची लेखी यादी द्यायची, पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे आणि शेवटचा टप्पा त्रुटी दूर होईपर्यंत राखून ठेवायचा. ही अट घालताना संकोच करण्याचे कारण नाही, चांगल्या कंत्राटदाराला ती अपेक्षितच असते. सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, असेही मी सुचवले. त्यासाठी त्यांनी ठरलेला मोठा प्रवास पुढे ढकलला.

दुरुस्ती अखेर १३ वर थांबली. भाडे अपेक्षेपेक्षा किंचित कमी मिळाले, कारण घर जास्त काळ रिकामे ठेवून चढ्या भाड्याची वाट पाहण्यापेक्षा वेळेवर भाडे देणारा भाडेकरू लवकर मिळवणे त्यांना अधिक फायद्याचे दिसले. घर विकावे का, हा प्रश्न पत्नीने शेवटच्या भेटीतही विचारला. त्याचे उत्तर तेव्हा न देता त्याची तारीख आणि अट आम्ही ठरवली: भाड्याची दोन पूर्ण वर्षे झाल्यावर हिशेब पुन्हा मांडायचा, आणि दरमहा खिशातून जाणारी रक्कम ठरवलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर घर विक्रीला काढायचे. तोपर्यंत दोघांनीही हा विषय रात्री जेवताना काढायचा नाही, ही अट पतीने स्वतःहून घातली.