जपानचा पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू काझुयोशी मिउराच ना? आणि कंपन्यांचे संघ जाऊन व्यावसायिक लीग कशी आली?

नाही, मिउरा नाही, यासुहिको ओकुदेरा. मिउराचा ब्राझीलच्या सान्तोस क्लबशी करार झाला 1986 मध्ये, आणि त्याच वर्षी ओकुदेरा जर्मनीत नऊ हंगाम खेळून घरी परतत होता. दरवेळी ओकुदेराला वगळून गोष्ट सांगतात, म्हणून हे उत्तर.

ओकुदेरा फुरुकावा इलेक्ट्रिकचा नोकरदार खेळाडू. 1965 पासूनची जपान सॉकर लीग अशाच कंपनी-संघांची: दिवसा काम, मग सराव, आणि बूट खुंटीला टांगले की त्याच कंपनीत निवृत्तीपर्यंत खुर्ची. 1977 मध्ये कोलोन या जर्मन क्लबचे प्रशिक्षक वाइसवायलर यांनी त्याला मागितलं, तेव्हा पणाला लागली ती ही खुर्ची. तो गेला. पहिल्याच हंगामात कोलोनने लीग आणि चषक दोन्ही जिंकले. एप्रिल 1979 मध्ये युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध त्यांच्याच मैदानावर बदली म्हणून उतरून त्याने 3-3 अशी बरोबरी करून दिली. पुढे हेर्टा, मग ब्रेमेन, हेही जर्मन क्लबच. बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, एकूण 234 सामने, 26 गोल.

खरी अडचण परतताना आली. नियमाने जपानी लीग हौशी, त्यात उघड व्यावसायिकाला जागाच नव्हती. म्हणून 1986 मध्ये 'विशेष परवानाधारक खेळाडू' असा नवा वर्ग काढावा लागला. सुरुवातीला त्यात दोघंच: ओकुदेरा आणि निस्सानचा काझुशी किमुरा. किमुरा म्हणजे ऑक्टोबर 1985 मध्ये टोकियोत दक्षिण कोरियाविरुद्ध लांबून फ्री किकवर गोल मारणारा. तो सामना जपान 1-2 हरला, सोलमध्ये 0-1 हरला, 1986 चा विश्वचषक हुकला. कोरियात 1983 पासूनच व्यावसायिक लीग होती. नुसत्या चिकाटीने ही दरी भरत नाही, हे तेव्हा कळलं.

त्यातून 1993 मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक जे-लीगच्या अटी थोडक्यात: संघाची स्वतंत्र कंपनी, नावातून मालकाचं नाव बाद, ठरलेलं गाव, प्रकाशझोतासह किमान 15,000 प्रेक्षकांचं मैदान, किमान 18 व्यावसायिक करार, युवा संघ. दहा क्लब निवडले. शिमिझु सोडला तर बाकी नऊ जुन्या लीगमधलेच. निस्सानचं योकोहामा मारिनोस झालं, फुरुकावाचं जेफ युनायटेड. आपल्याकडे 2010 मध्ये महिंद्राने हात काढले आणि महिंद्रा युनायटेड हा फुटबॉल संघच संपला; ती 'स्वतंत्र कंपनी'ची अट नुसती कागदी नाही, ती याचसाठी.

एक मात्र मान्य: जुन्या लीगमधल्या योमिउरी संघात (पुढे तोच व्हेर्दी झाला) काही जण आधीपासूनच फुटबॉलवर जगत होते, कागदावर हौशी. म्हणजे 'पहिला' या शब्दावर वाद घालता येईल. आणि लीग लोकांपर्यंत नेण्यात मिउराचा वाटा मोठाच.

तरी 15 मे 1993 चा उद्घाटनाचा सामना काढून बघा. मारिनोस 2, व्हेर्दी 1. जिंकलेल्या संघात 34 वर्षांचा किमुरा, हरलेल्यात मिउरा. ओकुदेराला निवृत्त होऊन तोवर पाच वर्षं झाली होती.