शाळेत एकच मोबाइल असताना मल्टिमीडिया प्रकल्प कसे घ्यावेत?

आपण गोंदिया जिल्ह्यात सहावी-सातवीला शिकवता, शाळेत एक टीव्ही आहे, मोबाइल फक्त आपलाच आहे, आणि प्रकल्पाच्या नावाखाली मुले मोबाइलमध्येच रमतात व अभ्यासक्रम मागे पडतो, म्हणून असे प्रकल्प घ्यावेत की सोडून द्यावेत, असे आपण विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या मते ते अवश्य घ्यावेत. मात्र मुलांनी स्वतः लिहिलेली संहिता पक्की होईपर्यंत मोबाइल कपाटाबाहेर काढू नये.

पहिल्या वर्षी मी नेमके उलटे केले होते. ‘पाणी’ हा विषय देऊन गट पाडले आणि संगणक मुलांच्या स्वाधीन केला. महिनाभराने हाती आल्या त्या उडत येणाऱ्या अक्षरांच्या स्लाइड्स आणि इंटरनेटवरून उचललेली चित्रे. आमच्या गावातील विहीर, हातपंप, उन्हाळ्यातला टँकर यांपैकी काहीही त्यांत नव्हते. त्यात मुलांचे काही चुकले नव्हते. विषय देऊन मी मोकळा झालो होतो आणि शोधायचे काय, हे सांगायचे राहून गेले होते.

पुढच्या खेपेस आम्ही गुलाबी बोंडअळी घेतली, कारण 2017 साली तिने विदर्भातील पऱ्हाटीचे जे नुकसान केले ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. एका मुलाने संहितेचे पहिले वाक्य लिहिले, “गुलाबी बोंडअळी ही कापसावरील घातक कीड आहे.” मी त्याला एवढेच विचारले, “हे तू कुठे पाहिलेस?” पोळ्याच्या सुटीनंतर तो वहीत असे लिहून घेऊन आला: “फूल उमललं नव्हतं. पाकळ्या जाळीनं एकमेकींना चिकटल्या होत्या. सोडवल्या तर आत बारीक अळी होती.” अशा फुलाला आमच्याकडे डोमकळी म्हणतात. पुढे त्याच गटातील एका मुलीने हिरवेगार बोंड आणून वहीवर ठेवले आणि ब्लेडने चिरले. आत अळी होती, पण सालीवर कुठेही छिद्र दिसत नव्हते. मग ती आत शिरली कुठून, यावर वर्गात वाद झाला. मुलांनी घरी विचारले, कृषी सहायकांना गाठले, तेव्हा समजले की अळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि बोंड वाढताना तिचे छिद्र बुजून जाते. चिरण्यापूर्वीचे एक आणि चिरल्यानंतरचे एक, असे दोनच फोटो आणि दीड मिनिटाचे निवेदन, एवढाच तो प्रकल्प होता; परंतु अळीच्या नर पतंगांना मादीच्या गंधाने ओढून पकडणारे कामगंध सापळे शेतात वेळेवर का लावायचे, हे त्या मुलांना पुन्हा शिकवावे लागले नाही.

म्हणून आपणही व्हिडिओपासून सुरुवात करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आधी आवाज, मग स्थिरचित्रे. साधारण दर्जाचे एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण जेमतेम एक एमबी जागा घेते, तर तेवढ्याच वेळेचा स्वच्छ व्हिडिओ शंभर एमबीच्या पुढे सहज जातो. एकच मोबाइल सहा गटांना पुरवायचा असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. टिनाच्या छताखाली आवाज घुमतो, त्यासाठी कोपऱ्यात दोन वाकळी टांगाव्यात आणि पंखा बंद ठेवावा. आवाज व चित्रे जोडण्याचे काम इंटरनेटशिवाय चालणाऱ्या मोफत ॲपवर होते, त्यामुळे रेंज नसल्याने काही अडत नाही. आणि लाइन गेली तर तो तास संहिता वाचण्यात लावावा.

चित्रावर मजकूर किती असावा, याविषयी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचे संशोधन मला उपयोगी पडले. चित्र दिसत असताना निवेदन ऐकू येत असेल, तर तेच निवेदन पडद्यावर पुन्हा छापल्याने बहुधा शिकण्यात अडथळाच येतो. माझा अनुभव एका बाबतीत वेगळा आहे: ज्यांच्या घरी कोलामी बोलली जाते अशा मुलांना मोजके कळीचे शब्द पडद्यावर दिसले की मदत होते. निवेदनातील बोली मात्र मी कधीच सुधारत नाही. आजी वऱ्हाडीत बोलली असेल, तर ती तशीच ऐकू यावी.

वेळेचे म्हणाल तर मी पाच तासिका देतो, त्यांपैकी तीन लेखनाच्या. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात प्रकल्पाला जागा आहेच. गुण मी मुले प्रश्न व निरीक्षणे लिहितात त्या वहीला देतो, चित्रांच्या सफाईला देत नाही. मुलांचे चेहरे दिसणारी कोणतीही फाइल पालकांच्या संमतीवाचून शाळेबाहेर पाठवू नये.

आपल्याकडे तर मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, काळातले मालगुजारी तलाव आहेत, आणि ते बांधणाऱ्या कोहळी समाजाची वस्तीही आहे. मालगुजारी 1950 च्या कायद्याने संपली आणि तलाव सरकारकडे गेले. पाणीवाटपाच्या जुन्या रीतीविषयी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले सांगू शकतील असे आजोबा गावात अजून भेटतील. त्यांचे बोलणे आधी मुद्रित करून घ्यावे. पाळ, सांडवा आणि धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते, यांचे फोटो नंतर काढता येतील. मुलांना पहिला प्रश्न हा द्यावा: तलावाचे पाणी सोडले की ते सर्वांत आधी कोणाच्या बांधीत जाते, आणि तेथेच आधी का?