भूलभुलैयात दहा मिनिटं हरवला आणि आता आमची पाठ सोडत नाही

"मॅडम, जेमतेम दहा मिनिटं हरवला होता हो, तीन आठवडे झाले त्याला, पण हा आमची पाठच सोडत नाही, कायमचा परिणाम झाला असेल का?" खुर्चीत नीट टेकायच्या आतच आईने विचारलं. हा प्रश्न माझ्याकडे बरेचदा येतो, कधी मॉलमध्ये हात सुटलेला असतो कधी स्टेशनवर, यावेळी झाडांच्या कुंपणाचा भूलभुलैया होता एवढंच. त्यांना विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून लिहितेय.

मुलगा सात वर्षांचा. सुट्टीचा दिवस, तिघं हौसेने गेलेले. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली हिरवी भिंत, आत शिरलं की वर फक्त आभाळ दिसतं. सुरुवातीला नुसती मजा, हा पुढे पळतोय, आई मागून, आणि बाबा म्हणाले मी दुसरीकडून येतो, बघू मधल्या मनोऱ्याशी आधी कोण पोचतं. एका वळणावर हा डावीकडे गेला, आई उजवीकडे, झालं. शेवटी मचाणावर उभ्या असलेल्या तिथल्या माणसाने वरून बघून त्याला बाहेर काढलं.

तेव्हापासून बाथरूमचं दार उघडं ठेवायचं, झोपायचं दोघांच्या मध्ये, आणि सगळ्यात डोकं फिरवणारा प्रकार म्हणजे पाणी पिऊ का हे आईला विचारायचं, ती हो म्हणाली की तोच प्रश्न घेऊन बाबांकडे जायचं. बाबांचं निदान तयारच होतं, कॉन्फिडन्स गेलाय याचा. उपायही तयार, येत्या रविवारी परत तिथेच नेऊ आणि भीती मोडून काढू.

मी म्हटलं जरा थांबा.

आधी आईची काळजी. एखाद्या घाबरवणाऱ्या प्रसंगानंतर काही आठवडे मूल चिकटतं, रात्री दचकतं, तेच तेच विचारतं, हे होतंच आणि बहुतेक मुलांचं हळूहळू ओसरतं. महिना उलटून गेला तरी कमी होत नाहीये, उलट वाढतंय, शाळेत जायला नको म्हणतोय, झोप-जेवण बिघडलंय, असं असेल तर मात्र वाट बघत बसू नका, मुलांच्या समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. हा शाळेत जात होता, जेवत होता, खेळत होता. त्यामुळे मला घाई नव्हती.

त्याला मी काही विचारलंच नाही. कागद आणि स्केचपेन पुढे सरकवले आणि म्हटलं मला तो भूलभुलैया बघायचाय, काढून दाखवशील? त्याने वीसेक मिनिटं घेतली, जीभ बाहेर काढून अगदी. भिंती हिरव्या, मनोरा तपकिरी, एक बाक, आणि एका भिंतीच्या खाली, अगदी जमिनीलगत, दोन निळे ठिपके. हे काय रे? "आईच्या चपला. झाडाच्या खालून दिसत होत्या. मग गेल्या."

आई एकदम गप्प झाली, कारण तिला वाटत होतं तो कुठेतरी लांब होता. तो भिंतीच्या पलीकडेच होता. आणि मग त्याने जे सांगितलं ते घरी कुणी विचारलंच नव्हतं. आई ओरडत होती तिथेच थांब, हलू नको. बाबा दुसऱ्या बाजूने ओरडत होते उजवा हात भिंतीला लाव आणि चालत राहा, बाहेर पडशील. हा थांबला की बाबांचं ऐकलं नाही आणि चालला की आईचं. त्याने चालून बघितलं तर परत तोच बाक आला. परत चालला, परत तोच बाक. "मग मी कोणाचं ऐकायचं होतं?"

आता पाणी पिऊ का दोघांना का विचारत होता ते कळलं? कॉन्फिडन्स-बिन्फिडन्स काही नाही, दोघांची उत्तरं जुळतायत का तेवढं तो तपासत होता. माझ्या मते तर हुशारीच होती ती.

बाबांना बाकाचं काही पटेना, हात लावून चाललं की बाहेर पडतोच म्हणे. ती युक्ती खरी आहे, पण दारापासूनच हात न उचलता चाललात आणि सगळ्या भिंती एकमेकींना जोडलेल्या असतील तर. मध्येच एखादी भिंत बेटासारखी सुटी असेल आणि नेमका तिलाच हात लागला तर माणूस तिच्याभोवतीच फिरत राहतो. पोराला चकवा लागला होता, आणि तोही सांगितलेलं नीट ऐकल्यामुळे! मी त्याला हेही सांगितलं की मोठी माणसंसुद्धा गोल फिरतात, २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात चालवून पाहिलं होतं, सूर्य-चंद्र दिसेनासा झाला की सरळ चालतोय समजून लोक स्वतःच्याच वाटेवर परत येत होते. हे ऐकून तो खूश झाला. कारण नातेवाइकांसमोर "आमचा हिरो कसा रडत होता" ही गोष्ट दोन-तीनदा हसून सांगून झाली होती. ती तेवढी बंद करा असं मी जरा कडकच सांगितलं.

बाकी केलं ते फार नाही. एकच नियम ठरला, हरवलास की थांबायचं आणि हाक मारायची, शोधायला मोठे येणार, आणि दोघांपैकी एकानेच बोलायचं. आवाज कोणाचा हे त्यानेच ठरवायचं, त्याने आईचा निवडला (बाबांचा चेहरा पडला थोडा). मग घरातच सराव, आधी शेजारच्या खोलीत दोन मिनिटं, मग पाच, मग दार लोटून बाथरूम. आईने मध्येच डोकावून "ठीक आहेस ना" विचारायचं नाही, ठरलेल्या वेळेला यायचं. तिला ते त्याच्यापेक्षा जड गेलं, ती स्वतः अजून त्या उजव्या वळणावरच अडकलेली होती. तिच्याशी दोनदा वेगळं बोलले.

पाठ सोडायला त्याला आणखी तीनेक आठवडे लागले, वेगळं झोपायला मात्र तो लवकर लागला.

दोन महिन्यांनी स्वतःहून म्हणाला जाऊया. छोट्या भूलभुलैयात गेले, कंबरेएवढ्या भिंतींच्या. अर्ध्यात त्याला कंटाळा आला आणि मधल्या सुटकेच्या दारातून तो आरामात बाहेर पडला. बाबांचा फोन आला, पूर्ण केलं नाही मॅडम त्याने, चालेल ना? म्हटलं चालेल की. तुम्हाला करायचं असेल तर तुम्ही या करून.