बेंकेलमन बीमवर भरवसा कधी ठेवावा?

प्रश्न: चाकाच्या भाराखाली डांबरी रस्ता किती दबतो हे मोजणारा आमचा बेंकेलमन बीम कमी वाचन दाखवत असावा, अशी शंका येते. खात्री कशी करावी?

उत्तर: बीम कठीण, सपाट जागी मांडून प्रोबच्या (रस्त्याला टेकणाऱ्या लांब भुजेच्या) टोकाखाली ज्ञात जाडीचे धातूचे ठोकळे एकामागून एक ठेवावेत. बीम ज्यावर झुलतो त्या टेकूपासून प्रोबचे टोक २.४४ मीटरवर, तर डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारे तबकडीचे मापक) १.२२ मीटरवर असल्याने गेजने प्रत्येक वेळी ठोकळ्याच्या निम्मी जाडी दाखवली पाहिजे. तसे न झाल्यास आधी गेज तपासावा. तो निर्दोष असेल तर टेकू मोकळेपणाने फिरतो का, हे पाहावे. गेजची सुई जिथे टेकते ती पट्टी घट्ट बसलेली आहे का आणि तिच्यावर खाच पडली आहे का, हेही पाहावे. आमच्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते ते इथेच.