वाचकांचे प्रश्न : ‘पित्ताचं डोकं’ आणि सीजीआरपी

प्रश्न : उन्हातून लक्ष्मी रस्त्यावर खरेदी करून आले की अर्धं डोकं ठणकतं. उलटी झाली की मोकळं वाटतं. सासूबाई म्हणतात पित्त. डॉक्टर मायग्रेन म्हणतात आणि ‘सीजीआरपी’ असं काहीतरी सांगतात. नक्की काय? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : उलटी हा अर्धशिशीचाच भाग आहे, तिचं कारण नव्हे. चेहरा, कपाळ आणि मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या यांच्या वेदना ट्रायजेमिनल ही नस वाहून नेते. झटका येतो तेव्हा तिच्या टोकांतून सीजीआरपी सुटतं. 37 अमिनो आम्लांची ही छोटी साखळी म्हणजे नसेने धाडलेला निरोप. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, पण खरा त्रास पुढे होतो : वेदनेचा मार्गच हळवा होतो. वाकलं किंवा जिना चढला की ठणका वाढतो, तो त्यामुळे. 1990 मध्ये एडविन्सन आणि गोड्सबी या संशोधकांना झटका चालू असलेल्या रुग्णांच्या मानेच्या शिरेतल्या रक्तात सीजीआरपी वाढलेलं आढळलं.

हेच निरोप मेंदूच्या तळाशी पोचले की मळमळ सुरू होते आणि जठर संथ होतं. मग पोटात गेलेली गोळी तिथेच पडून राहते, कधी उलटीतून बाहेरही येते. गार दूध, कोकम सरबत करत दोन तास घालवले, की गोळीची वेळ गेलीच म्हणायची.

सुमाट्रिप्टान हे मायग्रेनचं औषध ट्रायजेमिनल नसेच्या टोकांवर बसून सीजीआरपीचं सुटणं रोखतं. डॉक्टरांनी दिलं असेल तर साधारण 50 मिलिग्रॅमची गोळी दुखणं सौम्य असतानाच घ्या. केसांतून कंगवा फिरवताना टाळू दुखायला लागली, तर उशीर झाला असं समजा. मग ती कमी लागू पडते. दुखणं थांबून परत आलं तर दोन तासांनी दुसरी चालते, पण पहिलीने काहीच फरक पडला नाही, तर त्याच झटक्यात दुसरी घेऊ नका. हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर हे औषध नकोच. आणि डोकं एकदम, आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं दुखलं, किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर गोळी शोधत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : मेडिकलमधून आणलेली डोकेदुखीची गोळी आता जवळजवळ रोजच लागते. (हडपसर)

उत्तर : गोळ्या मोजू नका, दिवस मोजा. दुधाचे खाडे मांडता त्याच कॅलेंडरवर गोळी घेतलेल्या दिवशी टिंब द्या. साधं पॅरासिटामॉल महिन्यात 15 दिवस, कॅफीन घातलेली मिश्र गोळी किंवा ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानच्या गटातलं औषध) 10 दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की औषधच डोकेदुखी पोसतं. थांबवल्यावर आधी काही दिवस दुखणं वाढतं. बहुतेक जण नेमके तिथेच हार मानतात, म्हणून डॉक्टरांच्या मदतीने थांबवा आणि प्रोप्रॅनोलॉलसारखं प्रतिबंधक औषध सोबत विचारा. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, हे आधीच सांगा.

प्रश्न : मायग्रेनचं महिन्याचं इंजेक्शन गोळीच्या रूपात का मिळत नाही? (हिंजवडी)

उत्तर : अशा इंजेक्शनातलं एरेनुमॅब हे प्रतिपिंड, म्हणजे प्रथिन, पोटात गेलं तर जेवणासारखं पचून जाईल. सीजीआरपी जिथे जाऊन बसतं ती जागाच एरेनुमॅब अडवतं. फ्रेमानेझुमॅब हे दुसरं इंजेक्शन उलट सीजीआरपीलाच पकडतं. सीजीआरपी रोखणाऱ्या गोळ्याही आहेत, उदाहरणार्थ रिमेजेपँट, पण तो लहान रेणू आहे, प्रतिपिंड नव्हे.

इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवायचं. दुकानातून आइसपॅकसोबत आणा, मात्र बर्फाला चिकटवू नका. गोठलं तर वाया गेलं. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवा, गरम पाण्यात बुडवू नका, हलवू नका. पोटाला किंवा मांडीला, दर वेळी जागा बदलून. बद्धकोष्ठता होऊ शकते, रक्तदाबही तपासत राहा. चालू झटक्यावर त्याचा उपयोग नाही आणि निकाल पाहायला तीन महिने द्यावे लागतात. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगा : औषध शरीरातून जायला काही महिने लागतात.