ई २२० मध्ये सहा सिलिंडर बसवण्याआधी हरवलेली सोळा अश्वशक्ती शोधा

नमस्कार.

आपल्या प्रश्नाचा गोषवारा मी असा समजलो आहे. गाडी १९९६ सालची मर्सिडीज ई २२०, म्हणजे कंपनीच्या भाषेत डब्ल्यू १२४ या पिढीतली, पाच गिअरची मॅन्युअल, एमएच १२ पासिंगची. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर, मागच्या चाकांपाशी १०४ अश्वशक्ती मिळाली, आणि चौघे बसून एसी लावला की खंबाटकी घाटात गाडीला दम लागतो. आपल्यासमोर तीन पर्याय आहेत: मर्सिडीजचेच ३.२ लिटरचे सहा सिलिंडर इंजिन, टोयोटाचे टूजेझेड टर्बो, किंवा आहे त्याच इंजिनावर सुपरचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप). माझे मत आधीच सांगतो. यांपैकी एकही काम आज हाती घेऊ नये, कारण कारखान्याने जेवढी ताकद दिली होती तेवढी आपल्याला मिळते आहे की नाही, हेच अजून कोणी तपासलेले दिसत नाही.

आपण १०४ हा आकडा १५० शी ताडून पाहिला आणि एक तृतीयांश ताकद गेली असा निष्कर्ष काढला, परंतु ही तुलना बरोबर नाही. कंपनीची १५० अश्वशक्ती फ्लायव्हीलवर, म्हणजे थेट इंजिनाच्या तोंडाशी, आणि प्रमाणित हवेत मोजलेली असते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. इथली हवा विरळ असल्याने टर्बो नसलेल्या इंजिनाची पाच-साडेपाच टक्के ताकद इथे आपोआप कमी होते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्यात आणखी भर पडते. म्हणजे फ्लायव्हीलवर साधारण १४२ उरतात. त्यातले गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि डिफरन्शिअल यांत मिळून पंधरा टक्के गेले असे धरले, तर निरोगी ई २२० पुण्यात चाकांवर १२० च्या आसपास दाखवेल. आपली खरी तूट त्यामुळे ४६ नव्हे, सोळाच्या घरात आहे.

मात्र डायनोच्या कागदावर करेक्शन (हवेच्या फरकाची आकडेमोडीतली भरपाई) लावलेले होते का, हे पाहून घ्यावे. लावलेले असेल, तर उंचीची वजावट सॉफ्टवेअरने आधीच भरून काढलेली असते. मग अपेक्षा १२७ ची धरावी लागेल आणि तूट तेविसावर जाईल. (टर्बो गाड्यांना हेच करेक्शन लावले की आकडे फुगतात, कारण विरळ हवेची भरपाई टर्बो बऱ्याच अंशी स्वतःच करत असतो. मित्रमंडळींच्या छापील कागदांवरचे भव्य आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावे.) सोळा असो वा तेवीस, एवढी तूट दुरुस्तीने भरून निघण्याजोगी आहे आणि तिच्यासाठी इंजिन बदलावे लागत नाही.

ती कुठे शोधावी? सर्वांत आधी इंजिनाच्या वायरिंगमध्ये. १९९३ ते १९९५ च्या सुमारास मर्सिडीजच्या गाड्यांत वापरलेल्या इंजिन हार्नेसचे (वायरींच्या जुडग्याचे) इन्सुलेशन उष्णतेने ठिसूळ होते, ही जगभर माहीत असलेली गोष्ट आहे. आपली गाडी पिंपरीत टेल्कोच्या आवारात जुळवलेली असली, तरी तिचे सुटे भाग त्याच काळातले आहेत. थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या वायरींवरची काळी नळी थोडी मागे सरकवावी आणि आतली एक वायर अंगठ्याने हलकेच वाकवावी. इन्सुलेशनचे तुकडे पडून आतले तांबे उघडे दिसले, तर निदान तिथेच झाले. अशा हार्नेसमध्ये वायरी एकमेकींना चिकटतात, संगणकाकडे चुकीचे संदेश जातात, मिश्रण बिघडते, आयडलिंग डुलते, आणि मालक मात्र एकापाठोपाठ एक सेन्सर बदलत राहतो. नवा हार्नेस महाग पडतो. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मूळ कनेक्टर राखून उष्णतारोधक वायरीने तोच पुन्हा बांधून घेता येतो, फक्त काम सावकाश आणि नकाशा समोर ठेवून करणारा माणूस हवा.

त्यानंतर चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजावे; इंजिन गरम असताना आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. आकडे किती आहेत यापेक्षा ते एकमेकांच्या किती जवळ आहेत हे महत्त्वाचे. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत दीड बारहून अधिक फरक असेल, तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा पाहाव्या लागतील. पेट्रोलचा दाब आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला आहे का, हेही त्याच फेरीत होऊन जाते. रबराचे इंधन-पाइप मूळचेच असतील, तर आता सर्वत्र मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ते तसेही बदलायलाच हवेत.

आता आपल्या पर्यायांकडे येतो. तिघांत तांत्रिकदृष्ट्या सरस अर्थातच सहा सिलिंडरचे एम १०४. ३,१९९ सीसी, २२० अश्वशक्ती, ३१० न्यूटन-मीटर. तुलनेला आपले एम १११ हे २,१९९ सीसी, १५० अश्वशक्ती आणि २१० न्यूटन-मीटरचे आहे. डब्ल्यू १२४ च्या बोनेटखालची जागा सुरुवातीपासूनच चार, पाच आणि सहा सिलिंडरच्या इंजिनांसाठी आखलेली असल्यामुळे ते बसवायला गाडी कापावी लागत नाही, आणि जोडकाम करणारे याच एका मुद्द्यावर गिऱ्हाइकाला गळाला लावतात. पण इंजिनाबरोबर त्याचा संगणक, हार्नेस, रेडिएटर, एक्झॉस्ट आणि क्लच हे सारे ओघाने येते. आपले डिफरन्शिअल छोट्या इंजिनाच्या मानाने लावलेले आहे. ते तसेच ठेवले, तर मोठे इंजिन द्रुतगती मार्गावर विनाकारण चढ्या आरपीएमवर ओरडत राहील. नाकावरचे वजन वाढल्याने पुढच्या स्प्रिंगाही बदलाव्या लागतात. या गाडीत स्प्रिंगच्या वर बसणाऱ्या रबरी पॅडवर एक ते चार उंचवटे असतात आणि त्यांच्या संख्येवर पॅडची जाडी ठरते, इतका बारीक हिशेब कारखान्याने केलेला आहे. ते न पाहता इंजिन उतरवले की गाडी कायम पुढे वाकून उभी राहते. शिवाय एम १०४ ही काही निर्दोष चीज नव्हे: हेड गॅसकेटच्या कोपऱ्यातून तेल झिरपणे हा त्याचा जुना आजार आहे, आणि त्या वर्षांतला असेल तर हार्नेस त्याचाही तोच.

या बाबतीत खुद्द मर्सिडीजने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९९० साली त्यांनी याच गाडीत पाच लिटरचे व्ही-एट घालून ३२६ अश्वशक्तीची ५०० ई काढली. त्यासाठी ट्रॅक रुंद केला, फेंडर फुगवले, ब्रेक एसएल स्पोर्ट्‌सकारचे घेतले आणि बॅटरी डिकीत हलवली; इतके करून ती गाडी नेहमीच्या असेंब्ली लाइनवर मावेना म्हणून बांधणीचे बरेचसे काम पोर्शेकडे सोपवावे लागले. जिने हे मूळ वाहन घडवले त्या कंपनीला एवढे करावे लागले असेल, तर ‘महिनाभरात गाडी हातात देतो’ या आश्वासनाचे मोल आपणच ठरवावे.

टूजेझेडबद्दल मी थोडक्यात आटोपतो. तीन लिटरचे, लोखंडी ब्लॉकचे, जपानात २८० अश्वशक्तीवर विकले गेलेले ते इंजिन दणकट आहे यात वाद नाही. पण त्याचा संप, माउंटिंग, गिअरबॉक्स, इंटरकूलर, यांतले काहीही या गाडीसाठी बनलेले नाही. सगळे लेथवर आणि वेल्डिंगवर जुळवायचे. अशी एक गाडी मी जवळून पाहिली आहे. ब्रॅकेटचे वेल्डिंग सुबक होते, परंतु मूळ पंखा काढून लावलेले दोन इलेक्ट्रिक पंखे सिंहगड रस्त्यावरच्या रहदारीत कमी पडत, आणि काटा शंभरापुढे सरकला की मालक एसी बंद करून काचा खाली घेत असे. आलिशान सेडानमध्ये घाम पुसत बसायचे असेल, तर आलिशान सेडान कशाला हवी?

सुपरचार्जरच्या कल्पनेत तथ्य आहे, कारण मर्सिडीजने याच घराण्यातले २.३ लिटरचे कॉम्प्रेसर इंजिन १९३ अश्वशक्ती आणि २८० न्यूटन-मीटरवर विकले. मात्र त्याचे कॉम्प्रेशन गुणोत्तर ८.८ होते आणि आपले दहाच्या जवळ आहे. पिस्टन न बदलता वरून दाब भरला, तर मे महिन्यात घाट चढताना इंजिन नॉक करू लागेल आणि पिस्टनच्या कडा जातील. ‘फक्त रिमॅप करून (इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलून) वीस टक्के वाढवून देतो’ असे कोणी सांगत असेल, तर तो टर्बो डिझेलचा हिशेब आपल्याला ऐकवतो आहे. बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनात रिमॅपने चार-पाच टक्क्यांच्या पुढे फारसे काही हाती लागत नाही, आणि आपल्या गाडीचा संगणक तर पोर्टला वायर लावून लिहिता येण्याच्या काळातलाच नाही.

कायद्याची बाजू आपण प्रश्नात शेवटी, एका ओळीत उरकली आहे. ती पहिली असायला हवी होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटला कायद्यात वेगळी वाट आहे, २.२ च्या जागी ३.२ लिटर घालायला नाही, मग बोनेटवरचा तारा तोच का असेना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्या गाडीला पंधरा वर्षे केव्हाच उलटून गेली असल्याने दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती तपासणीला न्यावीच लागते, आणि तिथे इंजिन क्रमांक पाहिला जातो. अपघात झाला, तर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. एम १११ अगदीच निकामी निघाले, तर त्याच प्रकारचे दुसरे इंजिन, खरेदीच्या पक्क्या कागदांसह आणि संगम पुलाजवळच्या आरटीओची परवानगी आधी घेऊन बसवावे, नवा क्रमांक आरसीवर चढवून घ्यावा. सरळ मार्ग तेवढाच आहे.

सहा सिलिंडरची ओढ कागदाने भागत नाही, हे मलाही कळते. ती खरोखरच असेल, तर इंजिनबदलाच्या पैशांत डब्ल्यू २११ या नंतरच्या पिढीतली ई २८० पाहावी: तीन लिटरचे व्ही-सिक्स, २३१ अश्वशक्ती, आणि आरसीवर जे छापलेले तेच बोनेटखाली. सुरुवातीच्या गाड्यांत बॅलन्स शाफ्टचे गिअर झिजतात, तेव्हा इंजिन क्रमांक तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये. डब्ल्यू १२४ मात्र मूळ रूपात राखावी. अस्सल गाडीला गिऱ्हाईक मिळते, जुळवलेलीला फक्त बघे.

तोवर थोडा खर्च करायचाच असेल, तर तो शॉक ॲब्सॉर्बर, पुढच्या लोअर आर्मचे बुश, स्टिअरिंग डॅम्पर, ब्रेकचे पाइप आणि चांगले टायर यांवर करावा. द्रुतगती मार्गावर कायद्याची मर्यादा शंभराची आणि घाटात साठची आहे; तिथे ही गाडी कमी पडते असे जे वाटते, त्यातला मोठा भाग सैल झालेल्या बुशांचा असतो.

हार्नेसची अवस्था, चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन आणि डायनोवर करेक्शन होते की नाही, एवढे कळवा. हेड उघडायचे की नुसत्या वायरिंगवर भागेल, ते त्यावरून सांगता येईल.